हॅकिंग खोटं, फितुरी खरी: ‘ब्लडी मंडे’ आणि थ्रिलरच्या ठरलेल्या चाली

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना होणारं ‘म्हणजे’, ‘असं’, ‘ते काय’ तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आज विषय आहे मांगा. म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचायची. आणि त्यातही एक विशिष्ट मांगा: ‘ब्लडी मंडे’. एक शाळकरी हॅकर, एक दहशतवादी टोळी, एक जीवघेणा विषाणू आणि संपत चाललेला वेळ.

‘डेथ नोट’ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. ‘ब्लडी मंडे’ त्यानंतर लगेच आलं, २००७ साली, कोदान्शाच्या ‘साप्ताहिक शोनेन मॅगझिन’मध्ये. पहिला हंगाम २००९ पर्यंत चालला, त्याचे ११ खंड झाले. मग आणखी दोन हंगाम आले आणि २०१२ ला कथा संपली. चित्रं कोजी मेगुमीची, लेखन र्‍यो र्‍यूमोनचं. आता गंमत बघा, र्‍यो र्‍यूमोन हे टोपणनाव आहे. मागचा खरा माणूस शिन किबायाशी. ‘किंदाईची’च्या रहस्यकथांमागे तोच आहे, आणि बहिणीसोबत वेगळ्या टोपणनावाने वाइनवरची ‘कामी नो शिझुकू’ही त्यानेच लिहिली. म्हणजे हा गडी आधी कोदान्शातच संपादक होता. वाचक कुठे पान उलटतो आणि कुठे मासिक मिटतो, हे त्याला पक्कं ठाऊक. त्यामुळे या मांगात थ्रिलरच्या ठरलेल्या चाली एकदम ठळक दिसतात. शिकायला बरं.

स्पॉयलर? अगदी सुरुवातीचंच सांगतो. शेवट सांगणार नाही, शब्द.

आधी ‘ट्रोप’ म्हणजे काय ते बघू

ट्रोप म्हणजे गोष्टीतली ठरलेली चाल. जत्रेत हरवलेला जुळा भाऊ ही एक ट्रोप. दाराआड उभी राहून सगळं ऐकणारी जाऊबाई ही दुसरी. ‘मी तुला एक सांगणार होते’ असं ती म्हणते आणि नेमका त्याच क्षणी फोन वाजतो, ही तिसरी. आपण हसतो, ‘झालं सुरू’ म्हणतो, तरी बघतो. कारण त्या चालीच्या खाली काहीतरी खरं असतं. घर फुटण्याची भीती असते, आपलं माणूस परकं होण्याची भीती असते.

तर आजचा माझा मुद्दा सोपा आहे. ‘ब्लडी मंडे’सारख्या कथेत संगणकाबद्दल जे दाखवतात, त्यातलं बरंचसं खोटं असतं. पण माणसांबद्दल जे दाखवतात, ते भयंकर खरं असतं. आणि हा फरक ज्याला कळला, त्याला स्वतःच्या फोनवर येणारा एखादा कॉलही वेगळा ऐकू येईल. तिथे शेवटी येऊ.

चाल पहिली: गणवेशातला जीनियस

नायक ताकागी फुजीमारू. माध्यमिक शाळेतला मुलगा. दिवसा वर्गात डुलक्या, रात्री कीबोर्डवर बसला की तो ‘फाल्कन’. त्याचे वडील जपानच्या सार्वजनिक सुरक्षा गुप्तवार्ता खात्यात. या खात्यात ‘थर्ड-आय’ नावाचा एक गुप्त विभाग आहे, आणि सगळी मोठी माणसं अडली की या पोराला विचारतात.

हे खातं खरं आहे बरं का. जपानच्या न्याय मंत्रालयाखाली १९५२ पासून आहे. ‘थर्ड-आय’ मात्र लेखकाच्या डोक्यातलं. आणि खऱ्या खात्याला कुणाला अटक करायचा अधिकारच नाही. माहिती जमवायची, नजर ठेवायची, अहवाल द्यायचा. असल्या कामावर कोण मांगा वाचणार? म्हणून मग थर्ड-आय.

किशोरवयीन हॅकर ही चाल पडद्यावर गाजली ती १९८३ च्या ‘वॉरगेम्स’ या अमेरिकी चित्रपटामुळे. एक मुलगा खेळ समजून अमेरिकी लष्कराच्या संगणकात शिरतो आणि अणुयुद्ध व्हायची वेळ येते. अध्यक्ष रेगन यांनी तो पाहिला आणि आपल्या अधिकाऱ्यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? उत्तर चिंता वाटावी असंच आलं, आणि १९८४ ला अमेरिकेने सरकारी संगणकांच्या सुरक्षेबद्दल नवा आदेश काढला.

पण त्या चित्रपटात मुलगा आत कसा शिरतो, ते आठवा. भराभर टाइप करून नाही. ज्या शास्त्रज्ञाने ती यंत्रणा बनवली, त्याच्याबद्दल तो वाचत बसतो. त्याचा मुलगा लहानपणीच वारला होता हे त्याला कळतं. पासवर्ड निघतो त्या मुलाचं नाव. म्हणजे कुलूप संगणकाचं होतं, पण किल्ली होती एका बापाच्या दुःखात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चाल दुसरी: कीबोर्डची तलवारबाजी

हॅकिंगचा प्रसंग आला की काय होतं? बोटं दिसेनाशी होतात, पडद्यावर अक्षरांचा पाऊस पडतो, एक पट्टी हळूहळू भरत जाते, ९७ टक्के, ९८ टक्के... आणि ९९ वर अडकते. समोर दुसरा हॅकर असतो, तोही तितक्याच वेगात टाइप करतो. ही खरं तर तलवारबाजीच. फक्त तलवारीच्या जागी एंटरचं बटण.

लेखकाला दोष देऊ नका. खरं हॅकिंग चित्रात काढलं तर दिसेल काय? एक माणूस खुर्चीत बसलाय. तीन आठवडे झाले, अजून बसलाय. चहा पितोय. दर आठवड्याला वीसेक पानांचं प्रकरण छापणाऱ्या मासिकात हे चालेल का? म्हणून लेखक वेळ आवळतो, महिन्यांचं काम मिनिटांत आणतो.

आता खरी घटना घ्या. फेब्रुवारी २०१६. बांगलादेशची मध्यवर्ती बँक. चोरांनी न्यूयॉर्कमधल्या फेडरल रिझर्व्हला पैसे वळते करायच्या सूचना पाठवल्या, तब्बल ९५ कोटी डॉलरच्या. त्यातले ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पोचले आणि बरेचसे तिथल्या कॅसिनोंमध्ये जिरले. आणखी दोन कोटी श्रीलंकेला निघाले होते, ते ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चुकलं म्हणून संशय आला आणि अडले.

चोर आत कसे शिरले? बँकेतल्या लोकांना ईमेल आले होते. कुणीतरी नोकरी मागतोय, सोबत बायोडाटा जोडलाय, जरा बघाल का? बस्स. दार एवढ्यावरच उघडलं. त्यानंतर चोर कित्येक महिने आत गपचूप बसून बघत राहिले, कोण कधी काय करतं ते.

आणि घड्याळ? तेही होतं, पण पडद्यावर टिकटिक करणारं नव्हतं. त्यांनी कॅलेंडर पाहिलं. गुरुवारी रात्री सुरुवात केली, कारण शुक्रवार-शनिवार ढाक्यात सुट्टी. मग शनिवार-रविवार न्यूयॉर्कला सुट्टी. आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. तीन देशांच्या सुट्ट्या एकाला एक जोडून त्यांनी चार दिवस मिळवले.

आपल्याकडे पुण्यात कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ ला हल्ला झाला, तोही शनिवारी. मालवेअर घातलं, नकली कार्डं बनवली आणि काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. सोमवारी आणखी काही रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. त्या शनिवारी पुण्यात कुठेही लाल दिवा लुकलुकला नाही. लोक लक्ष्मी रोडला खरेदी करत होते.

चाल तिसरी: टेबलाखालचा बॉम्ब

फुजीमारूच्या शाळेत एक नवी शिक्षिका येते. नाव काय? माया. मराठी वाचकाला इथेच हसू येतं, इतकं फिट्ट नाव. बाई सुंदर, हुशार, मुलांची लाडकी. आणि ती दहशतवाद्यांच्या बाजूची आहे, हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं. नायकाला कळत नाही.

लेखकाने हे लपवून का नाही ठेवलं? शेवटी धक्का दिला असता की! याचं उत्तर हिचकॉकने फार पूर्वी देऊन ठेवलंय. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि कुणालाच माहीत नाही, तर तो फुटल्यावर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण प्रेक्षकाला आधीच दाखवला आणि टेबलावरची माणसं मात्र क्रिकेटवर गप्पा मारतायत (क्रिकेट माझं, बाकी त्याचं), तर तीच गप्पा जीवघेणी होते. माया फळ्यावर लिहिते, तेव्हा आपण फळ्याकडे बघतच नाही. आपण तिच्या पर्सकडे बघतो.

पण यात दुसरं एक खरं दडलंय. माया शाळेत भिंत फोडून घुसत नाही. तिला हजेरीपत्रक मिळतं, कपाट मिळतं, ‘मॅडम’ म्हणून मान मिळतो. धोका दारातून आला, आपणच त्याला खुर्ची दिली, पाणी विचारलं.

चाल चौथी: आपल्यातलाच फितूर

फितूर हा शब्द आपल्याला नवा नाही. शाळेच्या इतिहासापासून ऐकतोय. किल्ला तोफांनी पडला नाही, आतल्या कुणीतरी दिंडी उघडली, अशा किती गोष्टी. थ्रिलरमधला ‘मोल’ म्हणजे हाच तो.

‘ब्लडी मंडे’त थर्ड-आयच्या कार्यालयातच फितूर आहे. फुजीमारूच्या वडिलांवर खुनाचा आळ येतो आणि त्यांनाच पळून जावं लागतं. मग प्रत्येक बैठक संशयाची. योजना ठरली की दहा मिनिटांत शत्रूला कळते. अमेरिकेची ‘ट्वेंटी फोर’ ही मालिका याच चालीवर चालायची. २०१३ ला अनिल कपूरने तिचा हिंदी अवतार आणला, तो काहींना आठवत असेल.

फितुराची चाल एकदा टेबलावर आली की लेखकाला वेगळं भांडण उभं करावं लागत नाही. मित्राने फोन उचलला नाही, तेवढंही पुरतं. साप्ताहिकाला तर ही चाल सोन्यासारखी. दर आठवड्याला शेवटच्या चौकटीत कुणाच्या तरी चेहऱ्यावर सावली टाकायची, आणि ‘क्रमशः’. आपल्या मालिकांमध्ये शनिवारी कुणीतरी जिन्यावर येऊन उभं राहतं आणि तीन वेळा क्लोजअप येतो, तेच हे.

मांगात तर कागदही मदतीला येतो. उजवीकडून डावीकडे वाचताना पान जिथे उलटतं, त्याच्या आधीच्या चौकटीत नायकाचे डोळे विस्फारतात. त्याने काय पाहिलं? पान उलटा. फोनवर स्क्रोल करत वाचलं तर ही मजा निम्मी होते, म्हणून जमलं तर खंड हातात घेऊन वाचा.

चाल पाचवी: पंथ आणि त्याचा गुरू

ही चाल समजायला जपानमध्ये जावं लागेल. कथेतल्या दहशतवाद्यांच्या मागे एक पंथ आहे, त्याचा एक गुरू आहे. बाहेरच्या वाचकाला वाटेल, हे जरा फिल्मी झालं. जपानी वाचकाला तसं वाटत नाही.

२० मार्च १९९५. वार सोमवार. टोकियोच्या भुयारी रेल्वेत सकाळची गर्दी. ओम शिनरिक्यो या पंथाची पाच माणसं पाच गाड्यांमध्ये चढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या त्यांनी खाली ठेवल्या आणि छत्रीच्या धारदार टोकाने फोडल्या. आत सारिन, म्हणजे मज्जासंस्था बंद पाडणारं विष. या गाड्या सरकारी कचेऱ्यांच्या कासुमिगासेकी भागातून जायच्या. डझनाहून अधिक माणसं गेली, हजारो जखमी झाले. काहींना पुढे आयुष्यभर त्रास राहिला.

ही विष ठेवणारी माणसं कोण होती? कुणी हृदयाचा डॉक्टर, कुणी भौतिकशास्त्र शिकलेला. चांगल्या घरांतली, चांगल्या मार्कांची मुलं. जपानच्या स्वसंरक्षण दलातले काही जणही या पंथाचे अनुयायी होते. आणि २००० साली आणखी एक गोष्ट उघड झाली. पंथाशी संबंध असलेल्या कंपन्यांनी सरकारी खात्यांसाठी आणि मोठ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहून दिलं होतं. ग्राहकांच्या यादीत संरक्षण खातं होतं, टोकियोचे पोलीसही होते. कंत्राट एकाला, त्याने काम दिलं दुसऱ्याला, त्याने तिसऱ्याला. शेवटी कोड कोण लिहितंय, हे कुणी विचारलंच नाही.

बघा आता. हॅकर, पंथ, आतला माणूस, सरकारी यंत्रणा, जैविक किंवा रासायनिक अस्त्र. मांगातली प्रत्येक चाल त्या देशाने प्रत्यक्ष सोसलीय. शोको असाहारा आणि त्याच्या १२ साथीदारांना जुलै २०१८ मध्ये फाशी झाली, म्हणजे ‘ब्लडी मंडे’ संपून सहा वर्षं झाल्यावर. मांगा छापून येत होतं, तेव्हा ही माणसं तुरुंगात जिवंत होती आणि पंथाच्या उरलेल्या गटांवर तेच सार्वजनिक सुरक्षा गुप्तवार्ता खातं नजर ठेवून होतं. अशा वाचकाला ‘सोमवार’ आणि ‘विषाणू’ हे दोन शब्द पुरतात.

एक जबाबदारीची गोष्टही इथे बोलायला हवी. थ्रिलरचा गुरू नेहमी थंड, हुशार, सुंदर बोलणारा असतो. त्याला बघून जरा भुरळ पडते. प्रत्यक्षात त्या सोमवारी ज्यांनी पिशव्यांजवळचा ओलावा हाताने पुसला, ते रेल्वेचे साधे कर्मचारी होते, आणि त्यांच्यातले काही त्यातच गेले. कथेत ‘गर्दी’ म्हणून काढलेल्या डोक्यांपैकी एकेक डोकं म्हणजे कुणाच्या तरी घरी वाट बघत असलेला माणूस असतो. वाचताना हे विसरलं की थ्रिलर नुसता फटाका होतो.

चाल सहावी: ‘कुणाला सांगू नकोस, वेळ कमी आहे’

आता फोनकडे येऊ. नायकाला फोन येतो. पलीकडचा म्हणतो, तुझ्या घरचं माणूस आमच्या हातात आहे. पोलिसांना सांगू नकोस. अमुक इतक्या वेळात हे कर. चारच गोष्टी: धाक, घाई, एकटेपणा आणि आपल्या माणसाची काळजी. जगातला कितीही हुशार हॅकर असो, या चार गोष्टींपुढे त्याचा मेंदू चालत नाही. म्हणून तर लेखक त्या वापरतो.

आणि म्हणूनच ‘डिजिटल अरेस्ट’वालेही त्या वापरतात. व्हिडिओ कॉल येतो. समोर गणवेश, मागे भिंतीवर शिक्का, टेबलावर फाइली. ‘तुमच्या नावाने पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत.’ हा झाला धाक. ‘दोन तासांत पैसे पडताळणीसाठी या खात्यात भरा.’ ही घाई. ‘कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरच्यांना सांगायचं नाही.’ हा एकटेपणा. ‘मुलाचं करिअर संपेल.’ ही काळजी. यात हॅकिंग कुठे आहे? जवळजवळ नाहीच. ही नुसती गोष्ट आहे, थ्रिलरच्या चालींवर रचलेली, आणि ऐकणाऱ्यालाच तिच्यात नायक केलंय. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, इंजिनिअर, असे शिकलेले लोक यात आयुष्यभराची पुंजी घालवून बसतात. मूर्ख म्हणून नाही. गोष्ट चांगली रचलेली असते म्हणून.

भारताच्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. कोणतंही पोलीस खातं, सीबीआय, कोर्ट व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं: थांबा, विचार करा, मग कृती करा. आणि पैसे गेलेच, तर १९३० हा हेल्पलाइन क्रमांक लगेच फिरवायचा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

थ्रिलर वाचणाऱ्याकडे इथे एक जादा हत्यार असतं. तो चाल ओळखतो. पलीकडचा ‘कुणाला सांगू नका’ म्हणाला की ज्याने शंभर थ्रिलर पचवलेत, त्याच्या डोक्यात लगेच वाजलं पाहिजे: अरे, ही तर सहावी चाल! आणि तोड काय, तेही थ्रिलरनेच शिकवलंय. फुजीमारू एकटा पडतो तेव्हा हरतो. मित्रांना, बापाला, विश्वासाच्या एका माणसाला सांगतो, तेव्हाच डाव उलटतो. तेव्हा फोन ठेवायचा आणि बाहेरच्या खोलीत जाऊन मोठ्याने सांगायचं, ‘अगं, मला असा असा कॉल आलाय.’ ही गोष्ट मोठ्याने सांगितली की बहुतेक वेळा तिथेच फुस्स होते.

मग वाचायचं का ‘ब्लडी मंडे’?

वाचा की. हॅकिंग खरं असेल अशी अपेक्षा ठेवू नका, एवढंच. मालिका बघायची असेल तर टीबीएस वाहिनीने २००८ ला त्यावर जपानी मालिका काढली. हारुमा मिउरा फुजीमारू झाला, आणि त्याच्या जिवलग मित्राच्या भूमिकेत ताकेरू सातो, जो पुढे ‘रुरौनी केनशिन’च्या चित्रपटांत नायक झाला. दुसरा हंगाम २०१० ला आला.

वाचताना एक खेळ खेळा. दर प्रकरणाला दोन रकाने करा. एकात लिहा, ‘संगणकाने काय केलं’. दुसऱ्यात लिहा, ‘माणसाने काय केलं’. कुणी कुणावर विश्वास ठेवला, कुणी दार उघडलं, कुणी फोन उचलला. दहा प्रकरणांनंतर कुठला रकाना जास्त भरतो ते बघा.

आणि हा भाग एका माणसाला नक्की ऐकवा: घरात जे कुणी अनोळखी नंबर उचलून ‘हॅलो, कोण बोलतंय?’ असं मनापासून विचारतात, त्यांना. मांगाचा भाग पुढे ढकलून सरळ सहाव्या चालीपासून लावलात तरी चालेल.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि बायोडाटा जोडलेला ईमेल आला तर उघडायच्या आधी दोनदा विचार करा!